'फौजी लूक' आणि गोटा झालेला टायर

जयपूरच्या अजमेर रोडवर किंवा टोंक रोडवर दहा मिनिटे उभे राहिलात तर एक गाडी हमखास दिसते. मूळची थार, जिप्सी किंवा बोलेरो. जमिनीपासून दोन-तीन इंच उचललेली, चाके अंगाच्या मानाने भलतीच मोठी, पुढे लोखंडी बंपर, टपावर दिव्यांची रांग आणि मागच्या काचेवर कुठल्याशा रेजिमेंटसारखे दिसणारे बोधचिन्ह. चालवणारा बहुधा पंचविशीतला असतो आणि फौजेशी त्याचा संबंध असेलच असे नाही. बाजारात या रूपाला 'फौजी लूक' म्हणतात आणि दुकानदार ते याच नावाने विकतात.

हौसेला माझी हरकत नाही. आमच्या पिढीने जोंगा आणि जिप्सीवर प्रेम केले, ही मुले थारवर करतात. माझी हरकत त्या गाडीच्या पुढच्या टायरच्या आतल्या कडेबद्दल आहे. उभ्याने पाहिले तर टायर बाहेरून नवा दिसतो, नक्षी ठळक असते. गुडघ्यावर बसून, मान वाकवून आतली कड पाहिली तर तिथे नक्षीच शिल्लक नसते. टायर आतून गोटा झालेला असतो आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. लिफ्ट केलेल्या ज्या गाड्या मी पाहिल्या, त्यांतल्या बऱ्याच गाड्यांची हीच अवस्था होती.

हा लेख त्या कडेबद्दल आहे. माझे म्हणणे एका वाक्यात सांगतो: लोकांनी आपल्या गाड्यांची उंची उचलली, पण त्या उंचीमागची देखभालीची शिस्त उचलली नाही, आणि त्याची किंमत पुढचा टायर मोजतो आहे.

मध्यंतरी सातारा जिल्ह्यातल्या एका निवृत्त सुभेदार साहेबांचा फोन आला. त्यांचा मुलगा जयपूरला नोकरी करतो. त्याने इथेच गाडी लिफ्ट करून घेतली, मोठे टायर बसवले आणि दिवाळीला गावी घेऊन गेला. सुभेदार साहेब म्हणाले, "साहेब, टायर कंपनीने खराब माल दिला का हो? अकरा हजारात पुढचे दोन्ही गेले. दुकानदार म्हणतो, मोठ्या टायरचं असंच असतं."

मी विचारले, "लिफ्ट केल्यावर अलाइनमेंट केली होती का?"

"केली ना. कागदही आहे."

तो कागद त्यांनी फोटो काढून पाठवला. त्यावर टोचे आकडे हिरव्या रंगात होते. कॅम्बर आणि कॅस्टरचे आकडे लाल होते. खाली दुकानाचा शिक्का होता आणि पैसे पूर्ण घेतले होते. टायर कंपनीचा यात काही दोष नव्हता. टायर का गेले, ते त्या कागदावरच लिहिलेले होते. कोणी वाचले नव्हते, एवढेच.

ज्यांनी आयुष्यात फक्त तयार गाडी चालवली, त्यांच्यासाठी हे तीन शब्द थोडक्यात सांगतो. आपण सरळ उभे राहून दोन्ही पायांचे पंजे आत वळवले तर तो टो-इन, बाहेर फाकवले तर टो-आउट. चाक समोरून पाहताना वरच्या बाजूने आत किंवा बाहेर कललेले असेल तर तो कॅम्बर. आणि सायकलचा पुढचा चिमटा बाजूने पाहिला तर तो सरळ उभा नसतो, मागे रेललेला असतो. तो रेल म्हणजे कॅस्टर. त्याच्यामुळेच वळणावरून बाहेर पडताना हँडल किंवा स्टिअरिंग आपोआप सरळ येते.

टायर सर्वांत वेगाने खातो तो टो. साधा हिशेब करू. टायरचा व्यास ७०० मिलिमीटर धरा. दोन्ही चाकांचा मिळून टो ६ मिलिमीटरने चुकला, तर प्रत्येक चाक सरळ रेषेपासून सुमारे पाव अंश वळलेले असते. डोळ्याला हे दिसत नाही. पण पाव अंश म्हणजे दर किलोमीटरला सव्वाचार मीटरहून थोडे जास्त आडवे घासणे. जयपूर ते पुणे सुमारे १,२०० किलोमीटर आहे. एवढ्या प्रवासात ते चाक जवळजवळ ५ किलोमीटर आडवे फरफटलेले असते. ५ किलोमीटर डांबरावर घासलेल्या रबराचे काय होणार, ते सांगायला इंजिनिअर लागत नाही.

टो चुकला असेल तर टायरवर हात फिरवून कळते. तळवा नक्षीवरून बाहेरून आत न्या, मग आतून बाहेर आणा. एका दिशेने मऊ लागले आणि दुसऱ्या दिशेने करवतीच्या दातांसारखे टोचले, तर दोष टोचा. एकच कड गुळगुळीत झिजली असेल तर संशय कॅम्बरवर घ्यायचा. दोन्ही कडा झिजल्या आणि मधला भाग शाबूत असेल तर हवा कमी राहिली. मधला भाग गेला आणि कडा राहिल्या तर हवा जास्त भरली. जागोजागी वाटीसारखे खड्डे पडले असतील तर शॉकअब्सॉर्बर थकला किंवा बॅलन्सिंग बिघडले. कॅस्टर चुकला तर टायर लगेच झिजत नाही. पण गाडी रस्त्यावर भटकते, स्टिअरिंग परत येत नाही आणि चालवणारा दिवसभर छोट्या छोट्या दुरुस्त्या करत थकतो.

आता गाडी उचलल्यावर नेमके काय होते ते पाहू. इथे गाड्यांचे दोन प्रकार वेगळे करायलाच हवेत. दुकानात ते केले जात नाहीत.

पहिला प्रकार पाट्यांचा. जिप्सी आणि जुन्या महिंद्रा जीप यात येतात. पुढची दोन्ही चाके एकाच अखंड एक्सलवर बसलेली असतात. पाटे बदलून गाडी उचलली तरी कॅम्बर जवळपास तोच राहतो, कारण एक्सल वाकत नाही. बिघडतो तो कॅस्टर. विशेषतः उंची मिळवायला नुसते लांब शॅकल लावले की पाट्याचे एक टोक खाली जाते आणि एक्सल स्वतःभोवती थोडा फिरतो. शिवाय स्टिअरिंग बॉक्सपासून चाकाकडे येणारा रॉड जास्त तिरका होतो, म्हणून प्रत्येक खड्ड्यात स्टिअरिंग हाताला झटका देते. यावर जुना उपाय आहे. पाटा आणि एक्सल यांच्यामध्ये योग्य अंशाची पाचर बसवायची आणि रॉडची उंची सुधारून घ्यायची. काम फार खर्चाचे नाही. पण ते माहीत असावे लागते आणि करावे लागते.

दुसरा प्रकार स्वतंत्र सस्पेन्शनचा. २०१० साली आलेल्या पहिल्या थारच्या सीआरडीई मॉडेलमध्ये पुढे टॉर्शन बार होता. २०२० च्या नव्या थारमध्ये डबल विशबोन आणि कॉइल स्प्रिंग आहे. इथे प्रत्येक चाक वरच्या आणि खालच्या अशा दोन हातांना धरून लटकते. हे हात सारख्या लांबीचे नसतात. गाडी वर-खाली झाली की हातांचे कोन बदलतात, आणि त्याबरोबर कॅम्बर, कॅस्टर आणि टो हे तिन्ही बदलतात. कंपनीने हे गणित गाडीच्या एका ठरावीक उंचीला धरून मांडलेले असते. तुम्ही गाडी दोन इंच उचलली की चाक कायमचे अशा जागी जाते, जिथे ते पूर्वी फक्त उडी मारताना क्षणभर जायचे. टो आत वळेल की बाहेर, हे स्टिअरिंगचा रॉड चाकाच्या मध्यरेषेच्या पुढे आहे की मागे यावर अवलंबून असते. कॅम्बर कुठल्या बाजूला जाईल, हे हातांच्या लांबीवर आणि कोनावर. म्हणून अंदाजाने काही सांगता येत नाही. मोजावेच लागते.

टॉर्शन बारच्या गाड्यांत तर उंची वाढवणे फारच सोपे. पान्ह्याने एक बोल्ट काही फेऱ्या आवळला की पुढचा भाग वर येतो. मालकाला वाटते सस्पेन्शन सुधारले. खरे म्हणजे चाकाला खाली जायला जी जागा होती ती त्याने खर्च करून टाकली. आता खड्डा आला की चाक खाली लटकून जमीन शोधू शकत नाही, गाडीच आपटते. फोर बाय फोर असेल तर चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टचे जॉइंटही जास्त कोनात फिरतात, आणि त्यांचे रबरी बूट लवकर फाटतात.

जयपूरला पाहुणे आले की सगळे जंतरमंतर पाहतात. तिथल्या सम्राट यंत्राची तिरकी भिंत सुमारे २७ मीटर उंच आहे, आणि तिचा चढ साधारण २७ अंशांचा, म्हणजे जयपूरच्या अक्षांशाइतका आहे. त्यामुळे ती भिंत पृथ्वीच्या अक्षाला समांतर राहते आणि सावलीवरून दोन सेकंदांपर्यंतची वेळ वाचता येते. सवाई जयसिंगांनी दिल्लीतही असेच यंत्र उभारले. पण दिल्लीचा अक्षांश २८ अंश ३७ कला आहे आणि जयपूरचा सुमारे २६ अंश ५५ कला. दिल्लीची भिंत त्याच चढाने जयपूरला आणून ठेवली तर घड्याळ चुकेल. भिंतीच्या बांधकामात काही खोट नसेल, फक्त कोन इथला नसेल.

लिफ्ट केलेल्या गाडीचे असेच आहे. टाय रॉड चांगला, बॉल जॉइंट चांगला, टायर उत्तम कंपनीचा. पण सगळे कोन जुन्या उंचीचे आहेत आणि गाडी नव्या उंचीवर उभी आहे. अलाइनमेंटचे यंत्रही जुन्या पंचांगातल्यासारखे अंश आणि कला यांतच मोजते. वर सांगितलेला पाव अंश म्हणजे १५ कला. पाचर किती अंशांची हवी, कॅम्बर किती कलांनी मागे आणायचा, हे तेच यंत्र सांगते. आकडे समोर असताना ते न वाचता शिक्का मारणे म्हणजे सावली न पाहता वेळ सांगणे.

आता दुकानातल्या पद्धतीबद्दल. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत रस्त्यावरच्या दुकानात सहज फिरवता येतो तो फक्त टो. कॅम्बर आणि कॅस्टर बदलायला गाडीनुसार वेगळे बोल्ट, वेगळा वरचा हात किंवा पाचर लागते. ते दुकानात नसते. म्हणून कारागीर टो हिरवा करतो आणि म्हणतो, "बाकी ऍडजस्ट नहीं होता साहब, चलेगा." तो खोटे बोलत नाही. त्याच्या हातात जेवढे होते तेवढे त्याने केले. पण मालकाला ऐकू येते ते एवढेच की अलाइनमेंट झाली. इथेच घोळ होतो. लिफ्ट किट विकणारा एक, बसवणारा दुसरा, अलाइनमेंट करणारा तिसरा आणि टायर विकणारा चौथा. चाकाच्या कोनाची जबाबदारी यांतल्या एकाचीही नसते.

त्यात आणखी एक सवय भर घालते. पुढचे टायर झिजले की दुकानदार सांगतो, रोटेशन करा, पुढचे मागे टाका. रोटेशन चांगलेच आहे, वेळच्या वेळी करावे. पण झीज न वाचता केलेले रोटेशन म्हणजे आजाराची खूण पुसून टाकणे. आतून झिजलेला टायर मागे गेला, नवा टायर पुढे आला, आणि बिघडलेला कोन त्यालाही खायला लागला. आता दोनाऐवजी चार टायर खराब.

फौजेत हे वेगळे का असते? आमच्याकडे कोणी जन्मजात शिस्तीचा असतो म्हणून नव्हे, तर पद्धत तशी लावून दिलेली आहे म्हणून. गाडी निघण्याआधी फर्स्ट परेड, वाटेत थांबल्यावर हॉल्ट परेड, परतल्यावर लास्ट परेड. ड्रायव्हर प्रत्येक वेळी टायर पाहतो, नट पाहतो, हवा पाहतो, नक्षीत अडकलेला दगड काढतो, हबवर हात ठेवून तो जास्त तापला आहे का ते बघतो. गाडीचा इतिहास तिच्या कागदांत लिहिलेला असतो. आणि मुख्य गोष्ट म्हणजे युनिटला स्वतःच्या मनाने गाडीत बदल करता येत नाही. बदल करायचा तर ईएमईच्या मार्गाने लेखी आदेश यावा लागतो. कर्नल साहेबांना गाडी उंच आवडते म्हणून कोणी शॅकल लांब करत नाही.

सेनेच्या गाडीची उंची ही आवडीची गोष्ट नाही. अहमदनगरच्या, आताच्या अहिल्यानगरच्या, व्हीआरडीई संस्थेत लष्करी गाड्या तपासल्या जातात. नागरी गाड्यांसाठी पुण्याची एआरएआय आहे. १९९१ पासून सेनेत असलेली जिप्सी असो, नंतरची सफारी स्टॉर्म असो किंवा स्कॉर्पिओ असो, तिची उंची, तिचे वजन, तिचे टायर आणि तिच्या चाकांचे कोन हा सगळा एकच हिशेब आहे. त्यातला एक आकडा बदलला की बाकीचे पुन्हा मांडावे लागतात. थार नाशिकच्या कारखान्यातून हा हिशेब पूर्ण करून बाहेर पडते. मग कुठल्यातरी शेडमध्ये अर्ध्या दिवसात त्यातला एक आकडा बदलला जातो आणि बाकीचे तसेच राहतात.

कायद्याचेही थोडे बोलू, कारण 'फौजी लूक' घेणाऱ्या अनेकांना ते माहीत नसते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२१ वा नियम सांगतो की ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांखेरीज कोणी लावायचा नाही. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करण्यावर बंधन घालते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट शब्दांत अधोरेखित केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या १८२-ए कलमानुसार बेकायदा बदलाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. बदल विमा कंपनीला कळवलेला नसेल तर अपघातानंतर दाव्यावर प्रश्न उभा राहतो, तो वेगळाच. आणि टायरबद्दल नियम ९४ सांगतो की चारचाकीच्या नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली जाता कामा नये. ही खोली बाहेरच्या कडेला ६ आणि आतल्या कडेला शून्य असेल, तर तो टायर नियमात बसत नाही, बाहेरून कितीही रुबाबदार दिसो.

पण मला दंडापेक्षा जास्त काळजी रस्त्याची वाटते. जयपुरात मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांकडे जातो. दुपारी महामार्गाचे डांबर त्याहून कितीतरी जास्त तापलेले असते. आतल्या कडेचे रबर संपून तारा उघड्या पडायला आल्या असतील, गाडीत पाच माणसे आणि टपावर सामान असेल आणि काटा शंभरावर असेल, तर टायर फुटण्यासाठी आणखी काही लागत नाही. पुढचा टायर फुटला की स्टिअरिंग त्या बाजूला ओढले जाते. गाडी उचललेली आहे, म्हणजे तिचा भार वर गेलेला आहे, म्हणजे ती आता आधीपेक्षा सहज कलंडते. पावसात तर टायर फुटण्याचीही गरज नाही. नक्षी पाणी बाहेर फेकण्यासाठी असते. ती एका बाजूने गेली की ब्रेक मारताना चाक पाण्यावरून घसरते. आणि काटा शंभर दाखवतो तेव्हाही गाडी शंभरावर नसते. २४५/७५ आर१६ काढून २६५/७५ आर१६ बसवला की चाकाचा व्यास सुमारे चार टक्के वाढतो आणि खरा वेग १०४ असतो.

यावर दोन आक्षेप नेहमी ऐकू येतात आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिला म्हणजे, वाळूत किंवा खडकाळ वाटेवर जायचे तर उंची लागतेच. मान्य. सांभरच्या कडेने किंवा थारच्या वाळूत जाणाऱ्याला पोटाखाली जागा हवी असते. पण स्वतःला विचारा, वर्षातले किती दिवस? जयपुरातच झालानाच्या बिबट्यांच्या जंगलात सफारीच्या जिप्सी धावतात. त्या जंगलाच्या वाटेवर सावकाश चालतात. तिथे कॅस्टर थोडा इकडेतिकडे असला तरी भागून जाते. तुमची गाडी वर्षातले तीनशे दिवस ऑफिस आणि महामार्ग करते. तिचे कोन महामार्गाचेच असले पाहिजेत.

दुसरा आक्षेप असा की चांगली किट बसवली तर काही होत नाही. हेही खरे आहे. वरचे हात बदलून, कॅस्टर दुरुस्त करून, उंची मर्यादेत ठेवून केलेले काम मी पाहिले आहे, आणि त्या गाड्यांचे टायर सरळ झिजतात. म्हणूनच माझा विरोध लिफ्टला नाही, अर्ध्या लिफ्टला आहे. उंचीचे पैसे आहेत पण कोनाचे नाहीत, असे असेल तर उंची राहू द्यावी. ते पैसे चांगल्या टायरला आणि चांगल्या शॉकअब्सॉर्बरला लावावेत.

ज्याला तरीही बदल करायचाच आहे, त्याने निदान एवढे करावे. आरटीओचा नियम आणि विम्याची अट आधी विचारावी. गाडी शेडमध्ये घालण्याआधी एकदा अलाइनमेंटचा कागद काढून ठेवावा, म्हणजे मूळ आकडे हातात राहतात. किट बसवणाऱ्याला विचारावे की कॅम्बर आणि कॅस्टर कशाने दुरुस्त करणार. उत्तर "चलेगा" असेल तर तिथून निघावे. काम झाल्यावर दुसरा कागद काढावा आणि दोन्ही बाजूंचे सगळे आकडे पाहावेत, फक्त हिरवे नव्हे. डाव्या आणि उजव्या चाकातला फरकही पाहावा, गाडी एका बाजूला ओढते ती त्यामुळेच. नवे स्प्रिंग आणि बुश थोडे बसतात, म्हणून ५०० किलोमीटरनंतर पुन्हा मोजावे. आणि दर रविवारी गाडी धुताना स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढच्या टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवावा. त्याला पाच मिनिटे लागतात.

माजी सैनिकांना माझी एक वेगळी विनंती आहे. तुमच्या घरातली आणि सोसायटीतली मुले हा 'फौजी लूक' तुमच्याकडे पाहून करतात. गाडीवर तुमच्या पलटणीचे नाव असावे अशी त्यांची इच्छा असते. त्यांना रागावू नका. त्यांना फर्स्ट परेड शिकवा. हबवर हात कसा ठेवायचा, नट कसे पाहायचे, टायर कसा वाचायचा हे तुम्हाला झोपेतही येते. सातारच्या सुभेदार साहेबांनी तेच केले. मुलाला सुट्टीवर बोलावून त्याच्याकडून गाडी मूळ उंचीवर आणवली, नव्याने अलाइनमेंट करून घेतली आणि दोन्ही कागद गाडीच्या कप्प्यात ठेवले. परवा त्यांनी कळवले की नवीन टायर नऊ हजार किलोमीटर चालले आहेत आणि दोन्ही कडा सारख्या आहेत. मुलगा आता गाडी धुताना स्वतःच स्टिअरिंग वळवून पाहतो.

ही सवय रंग, बंपर आणि बोधचिन्हापेक्षा जास्त फौजी आहे. तिच्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही आणि खर्चही होत नाही.

जय हिंद.